काविळीची माळ

सांगलीच्या स्टँडवर उतरल्यापासून आप्पांचं, माझ्या वडलांचं, एकच चाललं होतं. "कॉलेजात मार्क कमी का म्हणून इचारलं तर कावीळ झालती म्हणायचं. फिटचं नाव काढायचं न्हाई."

आमच्या विट्याकडं कावीळ कुणालाही होते. फिट येणाऱ्या पोरीचं लग्न मात्र अडतं, तिच्या धाकट्या बहिणीचंही. म्हणून दहावीच्या पेपरात मी बाकावरून कोसळले, कुणी नाकाला चप्पल लावली, तरी घरी कावीळच ठरली. शेजारणींना दिसावी म्हणून आईनं माझ्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. आजार उतरेल तशी ती गळ्यात उतरते म्हणतात. माझी जागची हलली नाही. औषध नव्हतंच. काठावर पास झाले आणि अकरावीत शाळा सुटली.

मग मावशीनं मला तमिळनाडूत नेलं. तिथं मावशी-काकांचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान. मावशीनं आधी डॉक्टर गाठला. दुकानात येईल त्याला ती सांगायची, "पोरगी पडली तर कुशीवर करा. चप्पल-बिप्पल हुंगवू नका." तमिळ गिऱ्हाइकालासुद्धा, मराठीतच. गोळ्या लागू पडल्या. बाहेरून बारावी झाले ती तिच्या जिवावर.

कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर मॅडमनी कागद चाळले. "दहावीला एवढे कमी? नंतर इतकी वर्षं शाळा नाही. जागा वाया गेलेली आम्हाला चालत नाही."

"आवं मॅडम, कावीळ झालती. लय जोराची," आप्पा म्हणाले.

"कावीळ इतकी वर्षं?"

आत्ता इथंच फिट येऊन पडले तर, ही मला भीती होती. मागं रांगेत आमच्याच भागातली माणसं.

"कावीळ न्हाई मॅडम, मला फिट यायची. औषध मिळालं न्हाई म्हणून मार्क गेले. डोकं गेलं नव्हतं. आता गोळ्या चालू हायत. रोज येणार."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग शिक्का मारला.

बाहेर आप्पा म्हणाले, "संध्याकाळपातूर विट्यात पोचंल हे."

"पोचू दे. मी डोक्यावर माळ घेऊन बसले, तवा तुमाला लाज न्हाई वाटली?"

चालत स्टँडवर आल्यावर आप्पा म्हणाले, "मावशीला फोन लाव."

मावशीनं आनंद-बिनंद काही केला नाही. "वर्गात सांगितलंस का?"

"अजून वर्गच भरला न्हाई, मावशी."

"मग पयल्या दिवशी सांग. कुशीवर करा म्हणावं."

"आणि चप्पल नको," मी म्हटलं. स्टँडवरच्या बायका वळून बघायला लागल्या, तसा आवाज आणखी चढवला.