हिरव्या ओळी

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस नाशिक सोडून पुण्याला गेला आणि बावन्नाव्या वर्षी ते काम माझ्या गळ्यात पडलं. टायपिंग बरं येतं, एवढाच माझा गुन्हा. जाताना त्याने मला एक खिडकी उघडून दाखवली. वर पांढरा भाग, तिथे मशीनला द्यायचे हुकूम लिहायचे. खाली निळा, तिथे उत्तरं येतात. चुकलं की लाल अक्षरं. "इथे बसून सगळ्या मशीनची साफसफाई होते, जागचं उठायला नको," म्हणाला.

मला महिनाभर नुसती लालच अक्षरं दिसली. एक कंस राहिला की अर्धा पडदा लाल. मी चिडून माउस आपटायचो आणि शेजारच्या टेबलावरच्या ताई हसायच्या. ताई सटाण्याकडच्या. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या गावी आईला फोन लावायच्या, आई फोनवर जात्यावरची गाणी म्हणायची आणि ताई ती टाइप करून ठेवायच्या. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. मागच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून ताई सुट्टीत ती फाइल उघडून नुसती वाचत बसायच्या.

हळूहळू मला खिडकी कळू लागली. हुकुमांच्या मध्ये मध्ये असतात त्या हिरव्या ओळी मशीन वाचत नाही, त्या माणसासाठी लिहिलेल्या असतात, हेही कळलं. मशीन वाचत नाही तर मी तरी कशाला वाचू? मी त्या सरळ सोडून द्यायला लागलो.

दिवाळीच्या सुट्टीआधी निवृत्त माणसांची मशीन पुसायची होती, म्हणजे त्यांतलं सगळं कायमचं काढून टाकायचं होतं. त्यासाठी आधीच्या माणसाची हुकुमांची तयार फाइल होती. मी यादीत आमच्या निवृत्त हेडक्लार्कच्या मशीनचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. एकही लाल अक्षर आलं नाही. इतका आनंद झाला की चहा मागवला.

ताई डबा धुऊन आल्या. "अहो, माझं काहीच दिसत नाहीये."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची, पंखा, कॉम्प्युटर, जे बरं असेल ते मागचे लोक उचलून नेतात. कागदावर काही नसतं. हेडक्लार्कचं मशीन ताईंच्या टेबलावर मीच नेऊन ठेवलं होतं. त्यांची गाणीही मीच त्यात भरून दिली होती. मशीनचं नाव मात्र जुनंच राहिलं. फाइलमधली पहिलीच हिरवी ओळ होती : पुसण्याआधी टेबलापाशी जाऊन बघा, मशीन कोण वापरतंय. ताईंचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर.

"ते एकदा उलटं चालवा ना," ताई म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मागे घ्यायचं बटण दाबलं. मी टाकलेलं नाव पडद्यावरून गेलं. गाणी आली नाहीत. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस मशीन ठेवून घेतलं, काही हाती लागलं नाही म्हणाला. मला काहीच करता येत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघायची शरम वाटायची.

मशीन परत आल्यावर ताईंनी आठवेल ते टाइप करायला घेतलं. दोन गाणी झाली. तिसऱ्यात मध्येच अडल्या. सवयीने त्यांनी फोन उचलला, गावचा नंबर लावला आणि पलीकडून कोणी बोलायच्या आत ठेवून दिला.