आधारने पाहिलेलं पार्क

जळगावात मेहरूणकडे कोणाच्याही मनात पोरांना पार्कला न्यायचं आलं, की आधी आधारला विचारायचं अशी पद्धतच पडून गेली होती. आधार रुपचंदशेठची सात सीटची गाडी चालवतो. शेगाव, शिर्डी, वणी बारा महिने असतंच, पण शाळांना सुट्ट्या लागल्या की निम्म्या फेऱ्या घाट उतरून मुंबईकडच्या त्या मोठ्या वॉटर पार्कच्या. गिऱ्हाईक गाडीत बसायच्या आधीच आधार त्याचा खर्च कमी करून द्यायचा. शनिवार-रविवार नका जाऊ, तिकीट चढं असतं. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत आणि तिथे भाड्याने घ्याल तर कापले जाल, इथल्याच बाजारातून नायलॉनचे घेऊन चला. डबे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा गाडीतच पोटभर खाऊन घ्या. आणि पोरांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. दारात जिराफाचं चित्र आहे, त्याच्याशेजारी उभं करतात. खालच्या खुणेपर्यंत फुकट, वरच्या खुणेपर्यंत अर्धं, त्यापुढे पूर्ण. एवढं सांगून झालं की आधार आवाज खाली आणून म्हणायचा, "पोराला सांगून ठेवा, गुडघे जरा ढिले सोड म्हणा." या एका सल्ल्यावर मेहरूणमधल्या कितीतरी बापांचं आइस्क्रीम निघालं असेल.

एवढं सगळं ठाऊक असलेला हा माणूस त्या पार्कच्या आत मात्र कधी गेलेला नव्हता. लोकांच्या बॅगा, दागिने, कधी एखादं झोपलेलं म्हातारं माणूस, सगळं गाडीत त्याच्या भरवशावर असायचं. तो पार्किंगमधल्या एका कडुलिंबाखाली गाडी लावायचा. तिथून भिंतीवरून मोठ्या झुल्याचं फक्त टोक दिसायचं. झुला टोकाला पोचला की आतून एकदम ओरडा उठायचा आणि आधारची मान आपोआप वर जायची. परतीच्या वाटेवर पोरं मागच्या सीटवर जे काही बडबडायची, ते तो कान देऊन ऐकायचा. त्याला आतलं जे माहीत होतं ते एवढंच.

घरी मात्र गोष्ट वेगळी होती. भाविका चार-पाच वर्षांची असताना एकदा तिने विचारलं, "पप्पा, आत काय असतं?" आधारने ऐकलेलं सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता "मी पाहिलं" हे शब्द तोंडातून निघून गेले. पोरगी त्याच्याकडे अशी काही बघत राहिली, की ते परत घ्यायची त्याला इच्छाच झाली नाही. मग प्रत्येक फेरीनंतर नवी भर पडत गेली. आत गेल्या गेल्या डाव्या हाताला लाटांचा तलाव. भोंगा वाजतो आणि समुद्रासारख्या लाटा येतात. मोठ्या झुल्यात बुटक्या पोरांना घेत नाहीत. हे शेवटचं ऐकल्यापासून भाविका रोज शाळेतून आली की दाराच्या आडव्या दांडीला लोंबकळायची. धाकटा कुंदन खालून तिचे पाय ओढायचा.

पोरांना नेऊन आणायचं आधारच्या मनात किती दिवसांपासून होतं, ते त्याची बायको नूतनच जाणे. ती साड्यांना फॉल-पिको करायची. तिची वरकमाई आणि आधारची बक्षिसी स्वयंपाकघरातल्या एका डब्यात पडायची. एका उन्हाळ्यात तो डबा कुंदनच्या तापात रिकामा झाला, दुसऱ्या उन्हाळ्यात आईच्या मोतीबिंदूत. आधारला झुल्याची हौस नव्हती. त्याला पहिली लाट अंगावर येताना पोरांची तोंडं कशी होतात ते पाहायचं होतं. लोकांच्या पोरांची तोंडं तो बाहेर आल्यावर पाहत होता, ओली, दमलेली, पेंगुळलेली. ती पहिल्या लाटेची तोंडं त्याला आपल्या पोरांची हवी होती, आणि पोरं तर दर वर्षी मोठी होत चालली होती.

यंदा जमलं. रुपचंदशेठ म्हणाले, "गाडी घेऊन जा, डिझेल तुझं." आधारने संक्रांतीलाच भाविकाला भिंतीला उभं करून मापलं होतं. वरच्या खुणेच्या खाली, म्हणजे अर्धं तिकीट. कुंदन फुकट. सगळा हिशेब बसला आणि वर थोडे उरलेही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की निघायचं ठरलं.

पण खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि लेक माहेरी आली असताना तिला घरी ठेवून भाऊ मजा करायला जात नाही. आधारची बहीण शिल्पा चोपड्याहून आपल्या लहान मुलीला घेऊन भडगावजवळच्या गावी आईकडे आली होती. आधारने सांगावं म्हणून फोन केला, तर आईने, वच्छलाबाईंनी, एकाच वाक्यात विषय संपवला. "पोर आखाजीले येल शे, तिले सोडीसन कथा चालना रे तू?"

आधारला राग आला नाही. बहिणीवर त्याचा जीव होता, आणि सीटा तर रिकाम्याच जाणार होत्या. वर उरलेले पैसे शिल्पाच्या आणि तिच्या मुलीच्या तिकिटात बरोब्बर बसले. नूतनने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधला, बाजारातून नायलॉनचे कपडे आणले, आणि मंगळवारी पहाटे गाडी निघाली. धुळ्यापर्यंत भाविका गप्प बसली नाही. डावीकडे काय, उजवीकडे काय, ते ती आत्याला इतकं ठासून सांगत होती जणू तिनेच फिरवलं होतं सगळ्यांना.

दारात जिराफ होता. कुंदन त्याच्या पोटापर्यंतही पोचला नाही, शिल्पाची मुलगी दोन्ही खुणांच्या मधे आली, आणि मग भाविका उभी राहिली. आत्याने सकाळी हौसेने तिची वेणी उंच बांधली होती, पण प्रश्न वेणीचा नव्हता. ती टाचा जमिनीला घट्ट टेकवून, मान ताणून, श्वास रोखून उभी होती. मोठ्या झुल्यात बसायचं म्हणून वर्षभर दांडीला लोंबकळलेली पोर. गुडघे ढिले सोड, एवढंच म्हणायचं होतं. लोकांच्या पोरांना सांगायला शिकवलेलं ते वाक्य आधारच्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. तिची ती ताणलेली मान पाहून त्याच्याने ते म्हणवेना.

"फुल तिकीट," दारावरचा माणूस म्हणाला.

भाविकाने मूठ आवळून हवेत हलवली.

आधारने खिडकीपाशी पैसे मोजले आणि बाजूला झाला. परतीचं डिझेल आणि टोल सोडला तर कमी पडत होते. शिल्पाच्या ते लक्षात आलं. तिने पाकीट काढलं. "भाऊ, माले देऊ दे."

"आखाजीनी लेक तू. ऱ्हाऊ दे," आधार म्हणाला. माहेरी आलेल्या लेकीचा पैसा घ्यायचा नसतो. शिल्पालाही ते माहीत होतं. तिने पाकीट बंद केलं.

"मी बसते बाहेर," नूतन म्हणाली. "तुम्ही जा पोरांना घेऊन."

तेवढ्यात भाविका म्हणाली, "तू कशाला, मम्मी? पप्पाला राहू दे ना. पप्पाने तर सगळं पाहिलंय." तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. जे खरं वाटत होतं तेच ती बोलली.

आधारने पोरीकडे पाहिलं. मी काहीच पाहिलेलं नाही, बेटा, असं त्याला म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. "हो ना," तो म्हणाला. "मी काय, दर महिन्याला येतो." त्याचं तिकीट वाचलं म्हणून जे उरले, ते त्याने नूतनच्या हातात दिले. "पोरांना आत काय पाहिजे ते घेऊन दे."

मग तो कडुलिंबाखाली गाडीपाशी येऊन बसला. भिंतीवर झुल्याचं टोक दिसत होतं. ओरडा उठला की त्याची मान वर जात होती, आणि आज त्या ओरड्यात आपल्या पोरीचा आवाज कोणता ते तो शोधत होता. एवढ्या आवाजात तो काही सापडला नाही. उन्हं कलेपर्यंत आधार तिथेच बसून राहिला. ड्रायव्हर लोकांच्या खोलीत पंखा होता, पण त्याला तिकडे जावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी सगळे बाहेर आले, ओले आणि दमलेले. शिल्पा पोरांची डोकी पुसत होती तेव्हा नूतन पुढे गाडीपाशी आली. आधार फडक्याने काच पुसत होता.

"लाटासना तलाव डावा हातले नही," ती हळूच म्हणाली. "उजवा हातले शे."

आधार काच पुसतच राहिला.

"तुम्ही कधी दारना मझार गयातच नही ना?"

"गाडी सोडीसन कसं जाता येस?" आधार म्हणाला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

सगळे गाडीत चढले. नूतनने भाविकाला मागच्या सीटवरून उठवलं आणि तिला पुढे, आधारच्या शेजारी आणून बसवलं. "पप्पाला सगळं सांग," ती म्हणाली. "दारापासून."

"पप्पाला माहितीये की."

"असू दे माहीत. त्यांनी काहीच पाहिलेलं नाही असं समज, आणि सांग."

भाविकाला खेळ आवडला. घाट चढायला लागेपर्यंत ती दारातून आत गेली होती, पायऱ्या उतरली होती, तलावाच्या काठावर पोचली होती. पाणी आधी कसं गार लागलं, कुंदन कसा आत्याच्या गळ्यात चढला, सगळं ती सांगत होती. आधार हं हं करत होता. दिवस मावळतीला आला होता आणि पुढे ट्रकांची रांग होती.

"मग भोंगा वाजला," भाविका म्हणाली, "आणि एकदम एवढी मोठी लाट आली."

"मग तुझं तोंड कसं झालं?" आधारने विचारलं.

"असं झालं, पप्पा. बघा ना."

समोर वळण होतं, वरून ट्रक उतरत होता, आणि आधारला रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती. शेजारी आपली पोर डोळे मोठे करून, तोंड उघडून आपल्याकडे वळून बसली आहे, एवढंच त्याला कळत होतं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "वरती सरळ रस्ता लागला की परत करून दाखव. मी गाडी बाजूला घेतो."

भाविका हो म्हणाली. सरळ रस्ता लागला तोवर तिला झोप लागली होती.