थोरला एम, धाकटा के

पुण्याला शिकायला गेलो तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप नव्हता. बाबांनी बारावीनंतर घेऊन दिलेला एक जुना कॉम्प्युटर होता, पण तो रेल्वेने न्यायचा म्हणजे कठीणच. तो बनारसलाच राहिला, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या माडीवरच्या खोलीत. माझं सगळं काम मात्र त्याच्यावरच होतं. कॉलेजातल्या एका सीनिअरने मार्ग काढून दिला. पुण्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून घरच्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन करायचं आणि समोर बसल्यासारखं काम करायचं. वाटेत कुणाला काही वाचता येत नाही.

फक्त घरचा कॉम्प्युटर रोज कुणीतरी चालू करायला हवा होता. आई तोवर गेली होती. घरी बाबा एकटेच.

बाबा वेदपाठी. पाठशाळेत शिकले आणि पुढे तिथेच मुलांना शिकवत राहिले. कॉलेजचं तोंड आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी त्यांना बटण दाखवलं.

"रोज सकाळी हे दाबायचं आणि रात्री निजताना बंद करायचं, बाबा."

"स्नानाच्या आधी की नंतर?"

"केव्हाही दाबा हो."

"केव्हाही कसं? तुझ्या विद्येचं काम आहे."

मग त्यांनीच ठरवलं. घाटावरून स्नान करून यायचं, संध्या आटोपायची, बटणाला गंधाचं बोट लावून ते दाबायचं, आणि मगच चहा.

नव्या कॉम्प्युटरवरून पहिल्यांदा लॉगिन करताना तो अडवून विचारतो. पलीकडच्या मशीनला मी ओळखत नाही, त्याचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ का? हा ठसा म्हणजे चाळीसेक अक्षरांची एक निरर्थक ओळ. आमचे सर सांगत की ती ताडून पाहा, नाहीतर दुसरंच कुणी तुमचं घर म्हणून पुढे उभं असेल. ताडून कुणीच पाहत नसे. रूममेट म्हणाला, "येस दाब आणि मोकळा हो. तुझंच घर आहे ना?" मला धीर होईना. सुट्टी संपवून निघण्यापूर्वी मी ती ओळ कागदावर लिहून घरच्या भिंतीला चिकटवली होती. मी लॅबमधल्या विंडोजसमोर बसून बाबांना फोन लावला.

"थोरला एम," बाबा वाचू लागले. "धाकटा के. सात. धाकटा टी."

कॅपिटल आणि स्मॉल मी त्यांना समजावलं होतं, पण ते शब्द त्यांना रुचले नसावेत. प्रत्येक जोडी ते सुलट म्हणत, मग उलट, मग पुन्हा सुलट. पाठशाळेत अक्षर हरवू नये म्हणून म्हणतात तसं.

"बाबा, एकदाच म्हणा ना. मागे मुलं थांबलीत."

"थांबू देत. एकदा म्हटलेलं चुकतं."

रूममेटच्या मॅकवरून पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा बाबा घाटावर होते. कागद घरी. तरी त्यांनी अख्खी ओळ म्हणून दाखवली. ती त्यांना पाठ झाली होती. मागून एका नाववाल्याचा आवाज आला, "पंडितजी, ई कौन मंतर है?"

"लड़के का घर खोलने का," बाबा म्हणाले.

खंडेनवमीला मात्र लॉगिन झालंच नाही. मी घाबरून फोन केला.

"आज मशीनची पूजा केलीय," बाबा म्हणाले. "आज त्याला कामाला लावायचं नसतं."

"बाबा, आज माझं सबमिशन आहे!"

"मग कालच करायचंस. सण काय आज कळला तुला?"

दुसऱ्या वर्षी मला शिष्यवृत्तीतून लॅपटॉप मिळाला. घरच्या मशीनची आता गरज उरली नव्हती. बाबांना मी ते सांगितलं नाही. आई गेल्यापासून ते फोनवर "ठीक आहे, तू जेवलास ना?" एवढंच बोलत आणि ठेवून देत. त्यातून काही कळत नसे. पण सकाळी मेसच्या रांगेत उभ्या उभ्या मी मोबाइलवरून घरी लॉगिन करी. मशीन कधीपासून चालू आहे ते सांगणारी एक आज्ञा असते, ती देई. ती सांगे, आत्ताच. म्हणजे बाबा उठले, घाटाच्या पायऱ्या उतरून चढून आले, संध्या झाली, आता चहा ठेवतील. मग मी ताट घेई.

त्या दिवशीही लॉगिन लगेच झालं. बरं वाटलं. मी पोहे वाढून घेतले, जागा शोधून बसलो आणि सवयीने ती आज्ञा दिली. मशीन काल सकाळपासून चालू होतं.

रात्री बंद केलंच नव्हतं. विसरले असतील, असं मी आधी स्वतःला सांगितलं. पण चाळीस अक्षरांत एकही पुढेमागे न होणारे बाबा बटण विसरतील, हे मनाला पटेना. फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग खालच्या मजल्यावरच्या चाचींना लावला. त्या फोन हातात घेऊनच वर गेल्या. कडी वाजलेली मला ऐकू आली. "पंडितजी? ओ पंडितजी?" मग दार ढकलल्याचा आवाज. मग त्या हळू म्हणाल्या, "बेटा, तुम आ जाओ."

डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेले असावेत. आमच्या गल्लीत रोज जाणारी लाईट नेमकी त्या रात्री गेली नाही. गेली असती तर मशीन बंद पडलं असतं.

गाडीत मी पुन्हा पुन्हा लॉगिन करत होतो. रेंज आली की ते होई. दर वेळी मशीन उत्तर देई, आणि दर वेळी क्षणभर मला वाटे की घरी सगळं ठीक आहे.

पोहोचलो तेव्हा खोलीत माणसं होती आणि कोपऱ्यात मशीनचा पंखा घुं घुं करत होता. बटणावर गंधाचा जाड थर बसला होता. जाळीत अक्षता अडकल्या होत्या. कुणीतरी ते बंद करायला गेलं, तेव्हा चाचींनी अडवलं होतं. मला म्हणाल्या, "हमको तो कभी छूने नहीं दिए. कहते थे, हाथ मत लगाना, लड़का इसी में बैठा पढ़ रहा है."

घाटावरचं सगळं उरकून आल्यावर मी ते बंद केलं.

आता मी बनारसलाच नोकरी करतो. परवा नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्या मशीनमधलं माझं काम काढून घ्यावं म्हणून ते चालू केलं. त्याचा मॉनिटर केव्हाच गेलाय, तेव्हा याच खोलीत बसून लॉगिन करावं लागलं. लॅपटॉपने विचारलं, या मशीनला मी ओळखत नाही, पुढे जाऊ का?

भिंतीवरचा कागद ओलीने कधीच गळून गेला होता. मी डोळे मिटले. थोरला एम, धाकटा के, सात, धाकटा टी. बरंच पुढे गेलो आणि अडलो. डोळे उघडले असते तर पुढचं अक्षर समोर पडद्यावर होतं, पण मग ताडून पाहण्यात काय अर्थ? पाठशाळेत पोर अडलं की बाबा त्याला पुढचं सांगत नसत. म्हणत, "पहिल्यापासून."

थोरला एम, धाकटा के.