शालीची घडी

आमच्या शाळेत परवा सुभेदार आबांचा सत्कार झाला. लढाईत मिळालेलं शौर्यपदक त्यांनी कोटावर लावलं होतं आणि मी नेहमीच्या सवयीने त्यांच्या अंगावर शाल पांघरून नेमकं तेच झाकून टाकलं. लक्षात आलं तेव्हा मी ओशाळले. कार्यक्रम संपल्यावर आबांनी शाल उतरवली, टेबलावर पसरली आणि घडी घालायला घेतली. काठाला काठ जुळवून, प्रत्येक घडीवर तळहात फिरवून. एरवी थरथरणारे त्यांचे हात तेवढ्यापुरते स्थिर झाले होते.

"आबा, राहू द्या, मी घालते."

"नको बाई. लढाईनंतर आमच्या तुकडीतल्या सात पोरांचे कपडे मी अशाच घड्या घालून घरी धाडले. ट्रंक आई उघडते. पोराचं सामान कुणी कसंही कोंबलं, असं तिला वाटायला नको."

शौर्य म्हटलं की मला आजवर धावून जाणारा माणूस दिसायचा. सगळं शांत झाल्यावर खाली बसून शर्टाच्या बाह्या सारख्या करणारा कधी दिसला नव्हता.

पदक आता उघडं होतं, पण मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. शाल पिशवीत ठेवण्याआधी त्यांनी तिच्यावरून पुन्हा हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.