गेटावरची साडेचार बोटं

माझ्या सासऱ्यांशी माझं कधी पटलं नाही आणि पटावं असं मला फारसं वाटतही नाही. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात. वारंगा फाट्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांचे ग्रील, हळद शिजवायचे कुकर, सगळं त्यांच्या हातचं. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पत्रा कापायच्या मशीननं अर्धं नेलंय, तरी वेल्डिंगची रेघ अशी सरळ ओढतात की बघत राहावं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. ते तर माझ्याशी बोलतच नाहीत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याकडं बघून म्हणतात, "तिला म्हणावं, चहा टाक."

मी हिंगोलीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. लग्नाआधी दोन वर्षं संभाजीनगरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. लग्नानंतर नवऱ्यानं दुकानामागं शेड टाकून पावडर कोटिंग सुरू केलं. यात ओला रंग नसतो. रंगाची कोरडी भुकटी बंदुकीनं लोखंडावर उडवायची आणि भट्टीत भाजायची, की ती वितळून सगळीकडून सारखी बसते. बंदूक नवऱ्याकडं आली आणि धुणं माझ्याकडं.

धुणं म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. ती रंगाची कातडी केसाएवढी जाड असते, आणि ती टिकणार की उकलणार हे तिच्या खाली काय आहे त्यावर ठरतं. माझ्या सात टाक्या आहेत. पहिल्या गरम टाकीत लोखंडाचं तेल निघतं, मग पाणी, मग ॲसिडात गंज निघतो, मग परत पाणी. पाचवीत एक पूड असते, तिच्यामुळं पुढचा थर बारीक बसतो. सहावी फॉस्फेटची. तिच्यातून लोखंड बाहेर आलं की त्यावर राखी रंगाचा, बोटाला जेमतेम खरखरीत लागणारा थर असतो. रंग त्या खरखरीला धरून बसतो. सातवीत शेवटचं पाणी आणि मग वाळवण. त्यानंतर त्याला उघडा हात लागता कामा नये. हाताला घाम असतो, तेल असतं, आणि तेवढ्यानं सातही टाक्यांची मेहनत पाण्यात जाते.

मामांना हे सगळं थोतांड वाटायचं. "लोखंड धुवून राहिली! लोखंड काय लेकरू हाय का?" असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचे आणि गिऱ्हाईक खो खो हसायचं. त्यांना ती जागा पाहिजे होती. टाक्या भंगारात घालायच्या, तिथं हळदीचे कुकर बनवायचे आणि मला घरी बसवायचं, हा त्यांचा बेत त्यांनी कधी लपवला नाही.

मीही काही कमी नव्हते. या घरात आल्यापासून मी 'हात लावू नको' ऐकत आले. महिन्याच्या त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, देवघराला लावू नको, वाळत घातलेल्या पापडांना लावू नको. सासूबाई गेल्या तरी ते थांबलं नाही, मामा नवऱ्यामार्फत निरोप धाडायचे. आणि एके दिवशी ते वाळायला टांगलेल्या ग्रीलवरून हात फिरवायला आले, तेव्हा मी ओरडले, "हात लावू नका!" त्यांचा हात हवेत थांबला. किती बरं वाटलं म्हणून सांगू. पुढं मी ते रोज म्हणायला लागले, गरज असो वा नसो. एकदाच त्यांनी विचारलं होतं, तेही नवऱ्याला, "काहून हात लावू नये, इचार तिला." मी म्हणाले, "सांगून कळणार न्हाई त्यांना." ते मला आजही बोचतं, पण तेव्हा मजा वाटली होती.

मग बाळापूरच्या वाटेवरच्या एका शाळेचं गेट आलं. दोन दारांचं, मोठं, आमच्या भट्टीत गेलेलं पहिलंच पूर्ण पत्र्याचं. मामांनी ते जीव ओतून बनवलं. मी धुतलं. निळ्या रंगात भाजून निघालं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. मामा त्या दिवशी गेटाभोवती दोन फेऱ्या मारून गेले.

पावसाळा संपता संपता हेडमास्तरांचा फोन आला. दोन्ही दारांवर मधोमध रंगाला फुगा आला होता. डाव्या दाराचा फुगा पोरांनी नखांनी सोलून काढला होता आणि आत गंज धरला होता.

मामांना तेवढंच पाहिजे होतं. अंगणात उभं राहून, अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणावं, पाण्याचा खेळ बंद. गेट येऊ दे, मास्तरांसमोरच टाक्या उचलतो. माझ्या नावाला बट्टा लावला!"

मी रात्रंदिवस तेच घोकत होते. ॲसिड जुनं झालं होतं का? फॉस्फेटचा ताव कमी पडला? वही काढून बघितली, सगळं बराबर होतं. तरी खात्री वाटेना. नवऱ्याला विचारलं, "माझंच चुकलं असंल का हो?" तो ताटाकडं बघत म्हणाला, "असंल कुठंतरी." मला वाटलं, तोही वैतागलाय.

आठ दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेट आलं. सोबत हेडमास्तर. भंगारवाल्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता, मामांनी बोलावलेला. मी ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बाहेर आले.

"आता काय तमाशा हाय?" मामा नवऱ्याला म्हणाले.

उजव्या दाराचा फुगा अजून शाबूत होता. त्यापासून हातभर लांब मी ब्लेडनं रंगात बारीक जाळी कापली, वर पट्टी दाबली आणि झटक्यानं ओढली. पट्टी कोरी निघाली. खाली केलं, वर केलं, कडेला बिजागरीपाशी केलं. कुठंच रंगाचा कपटाही निघाला नाही. मग फुग्याची कड कापली आणि तिथं पट्टी लावून ओढली. ताटलीएवढा निळा पापुद्रा अख्खा हातात आला.

खाली राखी पत्रा होता आणि राखी पत्र्यावर करपलेल्या हळदीचा तपकिरी पंजा. तळवा, अंगठा, तीन अख्खी बोटं आणि एक अर्धं.

टेम्पोवाला सुद्धा उतरून बघायला आला.

"हात ठेवा मामा," मी म्हणाले.

हे मी मुद्दाम म्हणाले. मला त्यांची फजिती करायची होती, चारचौघांत करायची होती, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती.

ते पुढं आले. हात ठेवला. अर्धं बोट अर्ध्या बोटावर बसलं. हेडमास्तर रस्त्यावरच्या ट्रककडं बघायला लागले. मामा मात्र हात उचलायचं सोडून गेट तपासायला लागले. पंजाच्या कडेला नख घातलं, रंग सहज उकलला. चार बोटांच्या अंतरावर घातलं, तर नखच मोडलं. मग खिशातली किल्ली काढून खरवडलं. रंगाला ओरखडा पडला, पण तो सुटला नाही. बराच वेळ ते तसंच करत राहिले.

"प्रत्येक गेटाला लावतो मी," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "तेलात कालवून हळद. लोखंडाला लागली पाहिजे, रंगाला न्हाई. वरची पुसून जाती. मंडळी जेवायला गेली की लावायचो. ब्रशनं रंग मारायचो तवा कदी काही झालं न्हाई."

झालं असणारच. पण ब्रशचा रंग सगळीकडूनच निघायचा, त्यात पंजा कुठला दिसणार! मी हे बोलणार होते, तेवढ्यात मामा नवऱ्याकडं वळले.

"तू बंदूक मारली. तुला दिसला न्हवता पंजा?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. राखी पत्र्यावर पिवळाधमक पंजा, दोन दारांवर दोन, आणि बंदूक धरणारा हात वीतभर लांब. न दिसायला तो आंधळा थोडाच होता.

"दिसला," नवरा म्हणाला. "हवेचा पाइप मारून वरची हळद उडवली अन् मारला रंग."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तुमी दोघं ऐकता का कुणाचं? तुमाला बोललो असतो तर तुमी भडकले असते, हिला बोललो असतो तर हिनं घर डोक्यावर घेतलं असतं."

म्हणजे आठ दिवस मी वही चाळत होते, स्वतःला शिव्या घालत होते, भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, आणि हा माणूस सगळं माहीत असून ताटाकडं बघत होता. मामांनी माझ्यावर उघड वार केले, मीही केले. याचं गप्प बसणं मात्र माझ्या टाक्या उचलू देणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मामांनी टेम्पोवाल्याला हात हलवून जायला सांगितलं. हेडमास्तरांना म्हणाले, "गेट नवं करून देतो." माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले, तर फॉस्फेटच्या टाकीवर बाहेरून ताजा पंजा होता. हळद तेलात कालवलेली, साडेचार बोटांची. हळदीचा हात लागलेली वस्तू आमच्याकडं भंगारात जात नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. माफी नाही, चांगला शब्द नाही. आजही चहाचा निरोप नवऱ्यामार्फतच येतो आणि तेवढ्यासाठी मी अजूनही चिडते. पंजा मात्र मी पुसलेला नाही. वाळलेल्या लोखंडाला हात का लावायचा नाही, तेही मी त्यांना एका संध्याकाळी नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. आता ते हळद लावतात, पण लोखंड पहिल्या टाकीत जायच्या आधी.

बंदूक मी चालवते. नवरा टाक्यांवर असतो, कोपरापर्यंत रबरी मोजे घालून. कधी कधी जवळ येतो, लाडीगोडी लावतो, म्हणतो, "आजचा दिवस दे की मला." आणि बंदुकीकडं हात नेतो.

"हात लावू नका," मी म्हणते.