उसाच्या रस्त्यावरचं इंग्रजी

साडीच्या दुकानात फॉल-पिकोचे तुकडे साठतात, तसे आमच्या क्लासचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि एकटीने आठवत बसलं तर संध्याकाळ खायला उठते! म्हणून आज तुमच्यासमोर थोडे उलगडते.

क्लास म्हणजे मोठ्या माणसांचा इंग्रजी बोलायचा क्लास. अवसरी खुर्दमध्ये, सुरेशशेठच्या साड्यांच्या दुकानावरच्या माडीत. मी शाळेतून रिटायर झालेली, मंचरहून एसटीने येते. येणारे आठ-दहा जण, पण किस्से घडवणारे तिघंच. एक खुद्द शेठ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ रागावतात ते अस्सल मराठीत. दुसरे बाळासाहेब, ऊसवाले. आणि तिसऱ्या शोभावहिनी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरापोरींसाठी त्या फाट्याजवळ खानावळ चालवतात.

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर विल, मे, मस्ट, कॅन लिहिलं. शेजारी डेफिनेटली, प्रॉबेबली, परहॅप्स, हार्डली. म्हटलं, "आता यांच्या जोड्या लावायच्या. 'आय विल कम' म्हणजे येईन. 'आय विल डेफिनेटली कम' म्हणजे नक्की येईन. खात्री वाढली!"

शेठ मान हलवायला लागले. "वाढली नाही मॅडम, कमी झाली! बायकांनी ढीगभर साड्या उलगडायला लावायच्या आणि उठताना म्हणायचं, 'शेठ, नक्की येते हां!' आजवर त्यातली एक परत आली असेल तर हे दुकान तुमच्या नावावर करतो!"

सगळे खो खो हसले. शोभावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मला वाटलं, पहिलाच दिवस आहे, लाजत असतील.

*

बाळासाहेबांची वेगळीच तऱ्हा. वाक्य करायला सांगितलं की त्यांच्या वाक्यात बिबट्या आलाच पाहिजे!

एकदा म्हणाले, "द बिबट्या मस्ट प्रॉबेबली बी इन माय ऊस."

मी समजावलं, "मस्ट म्हणजे असणारच. प्रॉबेबली म्हणजे बहुतेक असेल. दोन्ही एकत्र कसं चालेल? एक काहीतरी ठरवा."

"मॅडम, तुमी ऱ्हाता मंचरात, भर बाजारात," बाळासाहेब शांतपणे म्हणाले. "सांच्याला आमच्या वस्तीवर या, मंग कळंल. आमच्याकडं मस्ट बी आसतंय आन् प्रॉबेबली बी!"

मी खडू खाली ठेवला.

*

ह्या बिबट्यापायीच आमची एक रीत पडली. क्लास सुटतो अंधार पडताना आणि फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जातो. घोळक्याने चला आणि आवाज करत चला, असं वनखात्याची माणसं सांगून गेलेली. लोक मोबाईलवर गाणी लावून जातात.

बाळासाहेब म्हणाले, "गान्यांनी चार्जिंग उतारतंय राव! त्यापरीस धडाच म्हनू की!"

तेव्हापासून आम्ही एकाने वाक्य सांगायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, असं करत फाटा गाठतो. "आय मे परहॅप्स बाय अ ट्रॅक्टर!" अख्खा ऊस दणाणतो! वस्तीवरची पोरंसुद्धा आता आमच्यामागे ओरडतात. त्या रस्त्याला बिबट्या पुन्हा दिसला नाही.

"मराठी मीडियमचा असंल," बाळासाहेब म्हणाले.

*

आणखी एक त्यांचाच. ऊस तुऱ्यावर आला तरी तोडणीची टोळी येईना. तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा स्लिपबॉय रोज फोनवर "उद्या नक्की" म्हणायचा.

एक दिवस क्लासमध्येच बाळासाहेबांनी फोन लावला आणि कडाडले, "हॅलो! यू विल डेफिनेटली कम, ऑर यू मे परहॅप्स कम? टेल मी क्लिअरली!"

पलीकडून घाबरत घाबरत आलं, "साहेब, सकाळी टोळी पाठवतो. आपण कोण बोलताय?"

"स्टुडंट!" म्हणून बाळासाहेबांनी फोन ठेवला. सकाळी टोळी हजर!

*

आता शोभावहिनी. त्यांनी क्लास का लावला, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्यांच्याकडे रेमी नावाची पोरगी जेवायला असायची, पार मिझोरमची. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. वहिनींना मूलबाळ नाही. एकदा रेमीला जोराचा ताप आला, तेव्हा वहिनींनी तिला घरीच निजवलं, भाताची पेज पाजली. तापात ती इंग्रजीत काहीबाही बोलायची आणि रडायची.

"मी आपली हात धरून व्हय गं व्हय म्हनायची," वहिनी मला म्हणाल्या. "पन ती काय सांगत व्हती, ते काय मला कळलं न्हाई. लई जीवाला लागलं ते."

कॉलेज संपल्यावर रेमी त्यांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आय विल डेफिनेटली कम." त्याचा अर्थ वहिनींनी दुसऱ्या पोरीकडून समजून घेतला. आधी फोनवर फोटो यायचे. पुढे तो नंबरच लागेनासा झाला.

वहिनी प्रत्येक पोरीच्या ताटावर नाव घालून घेतात. पोरगी गेली की ताट दुसरीला. रेमीचं मात्र कुणाला देत नाहीत. बाकीच्या ताटांबरोबर ते रोज घासतात आणि पुन्हा फळीवर उभं करतात.

क्लास सुटायच्या आधी प्रत्येकाने मनातलं एक वाक्य बोलायचं, असा माझा नियम. वहिनींचं ठरलेलं, "रेमी विल डेफिनेटली कम." वर्षभराने ते झालं, "रेमी विल प्रॉबेबली कम." मग, "रेमी मे परहॅप्स कम." जोडी दर वेळी बिनचूक असायची आणि मला "करेक्ट!" म्हणावं लागायचं. चुकलं असतं तर दुरुस्त तरी केलं असतं. आपणच हे शब्द ह्या बाईला कशाला शिकवले, असं वाटायचं.

*

आणि हा शेवटचा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "रेमी कॅन हार्डली कम नाऊ."

मला करेक्ट म्हणता आलं नाही. शेठ गादीवरची सुरकुती सारखी करत बसले.

आम्ही खाली उतरलो, तर शेठही चप्पल घालून मागे! त्यांचं घर दुकानाच्या मागेच आहे. आमच्याबरोबर ते कधी येत नाहीत. "जरा पाय मोकळे करतो," म्हणाले.

उसातला रस्ता लागला तरी कुणी वाक्य सांगेना. वहिनी मागे राहिलेल्या, खाली बघून चालत होत्या. बाळासाहेबांनी काठी आपटली आणि एकदम ओरडले, "रेमी विल डेफिनेटली कम!"

कुणी साथ दिली नाही. ते पुन्हा ओरडले. ह्या वेळी आणखी एक आवाज त्यात मिसळला, सगळ्यांत मोठा. शेठ! मान वर करून, डोळे मिटून ओरडत होते. मग आम्ही सगळेच सुटलो. वस्तीवरची पोरंही तिकडून ओरडायला लागली.

"गप ऱ्हावा वं, मानसं हसत्याल," वहिनी म्हणत होत्या. आम्ही थांबलो नाही.

वळणावर मोबाईलचा उजेड दिसला. बाळासाहेबांनी काठी उगारली. "कोन हाय?"

उजेड जागीच थांबला. पाठीवर मोठी बॅग घेतलेली एक मुलगी. एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "वहिनी... खानावळीला... कुलूप हाय. मला... लई भूक लागली."

वहिनी तशाच उभ्या. मी मनात म्हणत होते, बोला वहिनी, इंग्रजीत बोला, इतके दिवस ज्यासाठी शिकलात ते बोला! त्यांनी तोंडाला पदर लावला, पुढे होऊन तिच्या पाठीवरची बॅग काढली आणि आपल्या खांद्याला अडकवली.

"चल," त्या म्हणाल्या. "ताट घासूनच ठेवलंय."