लहान दाराबाहेरची पंचेचाळीस वर्षे

विताल्यानो टोपल्या विणत असे. इटलीतल्या कॅलाब्रियाच्या डोंगरावरील आमच्या गावात त्याला सगळे येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावाने ‘यहूदा’ म्हणत, आणि तो ओ देत असे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी सायंकाळी चर्चमध्ये बारा गृहस्थ येशूचे शिष्य म्हणून लांब मेजाशी बसतात. फादर त्यांचे पाय धुतात व नंतर पाव वाटतात. मात्र पाव वाटण्यापूर्वी यहूदाने उठावे, लहान दाराने बाहेर जावे आणि उपासना संपेपर्यंत भिंतीपाशी एकट्याने उभे राहावे, असा रिवाज आहे.

विताल्यानो सव्वीस वर्षांचा असताना यहूदा कोण होणार हे ठरवायला टोपीतून घेवड्याचे दाणे उचलले गेले. एकमेव काळा दाणा त्याच्या हाती आला. पुढे पुन्हा दाणे उचलायला कोणी धजले नाही, म्हणून ते काम त्याच्याकडेच राहिले. त्या भिंतीपाशी उभे राहून त्याने पंचेचाळीस वसंत पाहिले. खाली समुद्र काळवंडत जाई, पाकोळ्या घरट्यांकडे परतत आणि दारातून गाणे झिरपत येई. आपण बाहेर पडल्यावर आत नेमके काय चालते, हे त्याने इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

यंदा उपवासाच्या दिवसांत तो बालमित्र निकोदेमोकडे दाढीला बसला. निकोदेमो न्हावी होता आणि दरवर्षी शिष्यांतला प्रमुख, पेत्र, होई.

“गुडघे गेले माझे. मरण्याआधी एकदा शेवटपर्यंत आत बसायचंय,” विताल्यानो म्हणाला.

“मग यहूदा कोण होणार? माझा मेहुणा? तो बाहेर पडला की थेट गुत्त्यात जाईल.”

“तू हो.”

वस्तरा थांबला.

“खरं तर मीच व्हायचा होतो,” तो हळू म्हणाला. “काळा दाणा आधी माझ्याच हाती आला होता. मी तो गुपचूप टोपीत सोडला आणि पांढरा उचलला. रोझिनाचा बाप म्हणाला होता, यहूदाला मुलगी देणार नाही.”

रोझिना निकोदेमोची बायको झाली. विताल्यानोला मात्र कोणीच मुलगी दिली नव्हती. गालांवरचा साबण वाळू लागला.

“दाढी पुरी कर,” विताल्यानो म्हणाला. त्यानंतर दोन आठवडे तो मित्राशी बोलला नाही.

पवित्र गुरुवारी निकोदेमो आपण होऊन यहूदाच्या खुर्चीवर बसला. वेळ येताच तो उठला आणि मान खाली घालून बाहेर गेला. पेत्राच्या जागी बसलेला विताल्यानो सर्व लक्षपूर्वक पाहत होता. फादर एक ओळ विसरले. शेजारचा शिष्य पेंगला. जे गाणे बाहेरून स्वर्गातून आल्यासारखे वाटे, ते आत तीन म्हाताऱ्या घसा खरवडून म्हणत होत्या. त्याला एकाएकी त्या भिंतीची आठवण झाली.

उपासना संपल्यावर तो लहान दाराने बाहेर आला. निकोदेमो कॉलर वर करून कुडकुडत उभा होता.

“संपलं का रे एकदाचं? कसं होतं आत?”

“बाहेरून ऐकायला बरं वाटतं.”

“मला माफ केलंस का, तेवढं सांग.”

विताल्यानोने समुद्राकडे पाहिले.

“पुढल्या वर्षीही तूच यहूदा.”

“असं किती वर्षं?”

“पंचेचाळीस.”

निकोदेमोने मनात हिशेब केला. “तोवर मी एकशे सोळा वर्षांचा होईन.”

“मग तब्येतीला जप,” विताल्यानो म्हणाला, आणि उतारावर आधारासाठी त्याने मित्राचा दंड धरला.